ताई, स्पेनने करून दाखवलं ना?

२ जानेवारीला सकाळी मामेभावाचा संदेश आला. कुणीतरी लिहिलेला मजकूर त्याने पुढे पाठवला होता. मजकूर असा: मुसलमानांची सातशे ऐंशी वर्षांची सत्ता स्पेनने १४९२ मध्ये उलथून टाकली, परक्यांना बाहेर काढलं, एक देश, एक धर्म, एक भाषा केली, आणि म्हणूनच त्याच वर्षी कोलंबस निघाला आणि स्पेन जगाचा धनी झाला; जे स्पेनला जमलं ते आपल्याला का जमू नये? खाली त्याचं स्वतःचं एक वाक्य होतं. "ताई, तू तर ग्रानादातच राहतेस. खरं आहे ना? करून दाखवलं ना त्यांनी?"

मी तेव्हा दक्षिण स्पेनमधल्या ग्रानादाच्या महापालिकेसमोर, प्लासा देल कार्मेन नावाच्या चौकातच उभी होते. २ जानेवारी हा इथे, १४९२ मध्ये ख्रिस्ती राजाराणीने मुसलमान सुलतानाकडून शहर ताब्यात घेतल्याचा दिवस. वरच्या सज्जात सभागृहातला सगळ्यात तरुण नगरसेवक निशाण घेऊन येतो आणि "ग्रानादा!" अशी हाक देतो. खालची गर्दी "के?" म्हणून ओरडते, म्हणजे "काय?" असं तीनदा होतं, मग राजाराणीचा जयजयकार. चौकाच्या एका टोकाला काही लोक छातीवर हात ठेवून उभे असतात, तर दुसऱ्या टोकाला फलक धरलेली मंडळी शिट्ट्या वाजवत असतात, कारण त्यांच्या मते हा दिवस साजरा करण्यासारखा नाही. मधे पोलीस. वर टेकडीवर अल्हाम्ब्राच्या, म्हणजे सुलतानांच्या जुन्या किल्ला-महालाच्या, बेला बुरुजावरची घंटा दिवसभर वाजत राहते. त्या दिवशी ती घंटा वाजवली की वर्षाच्या आत लग्न जमतं असा समज आहे, म्हणून पोरी थंडीत रांग लावतात. चौदा वर्षं मी हे बघते आहे. पाचशेहून अधिक वर्षं झाली, तरी आपण त्या दिवशी नेमकं काय केलं यावर या गावाचं एकमत झालेलं नाही.

मामेभाऊ माझ्याहून बारा वर्षांनी लहान. त्याला कडेवर घेऊन मी भुईकोट किल्ल्याच्या खंदकाकडेने फिरवलंय. नगरला एमआयडीसीत नोकरी करतो, रात्री घरी आला की इतिहास वाचतो, आणि मनापासून विचारतो. त्याला अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळं होणं मला जमलं नाही. हे उत्तर त्याच्यासाठी आहे, आणि तोच मजकूर ज्यांच्या ज्यांच्या फोनवर पोहोचला असेल त्यांच्यासाठीही.

आधी त्यातलं खरं ते सांगते. इसाबेल (आपण शाळेत हिला इझाबेला म्हणून शिकलो) फार मोठ्या कुवतीची राणी होती. १४६९ मध्ये तिने वायादोलिदला फेर्नांदोशी लग्न केलं तेव्हा ती १८ वर्षांची होती आणि तो १७ चा. ती कॅस्टिलची वारस, तो अ‍ॅरागॉनचा; आजच्या स्पेनमधली ही तेव्हाची दोन वेगळी राज्यं. तिच्या सावत्र भावाचा, म्हणजे राजाचा, या लग्नाला विरोध होता, म्हणून फेर्नांदो खेचरं हाकणाऱ्या गड्याचा वेष घेऊन, मोजक्या माणसांसह हद्द ओलांडून आला. दोघं नात्यातली, त्यामुळे पोपची परवानगी लागायची. लग्नात दाखवलेला परवानगीचा कागद बनावट होता, खरा दोन वर्षांनी आला. १४७४ च्या डिसेंबरात राजा वारल्याची बातमी आली आणि नवरा अ‍ॅरागॉनमध्ये असतानाच तिने सेगोव्हियाच्या चौकात स्वतःला राणी जाहीर केलं. पुढे उघडी तलवार धरलेला सरदार चालत होता. तलवार हे न्यायदानाच्या अधिकाराचं चिन्ह, आणि बाईच्या पुढे ती धरलेली पाहून तिच्या नवऱ्यालाही खटकलं. पुढची पाच वर्षं वारसाहक्काचं युद्ध, त्यात पोर्तुगालशी झुंज. ते युद्ध तिने जिंकलं.

पण ती मोठी झाली ती तलवारीने कमी आणि हिशोबाने जास्त. तिच्या आधीच्या राजांनी महसूल सरदारांना खिरापतीसारखा वाटून टाकला होता. १४८० मध्ये तोलेदोला कोर्तेस भरली. कोर्तेस म्हणजे शहरांच्या प्रतिनिधींची सभा. तिथे ठरलं की कुणाला कोणतं उत्पन्न कशाबद्दल मिळालं ते तपासायचं आणि ज्याला पुरावा नाही त्याचं परत घ्यायचं. वाटलेल्या उत्पन्नापैकी जवळजवळ निम्मं दरबारात परत आलं. वतनदारांना आवर घालणं म्हणजे काय हे मराठी माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. रस्त्यावरच्या लुटालुटीसाठी गावागावांची मिळून एक शिबंदी उभी केली. कचेऱ्यांत कायदा शिकलेली मध्यम घरांतली माणसं आणून बसवली. साम्राज्याचा पाया हा होता, आणि याबद्दल त्या मजकुरात एक अक्षर नाही.

ही फेरतपासणी ज्याने केली तो माणूस मला महत्त्वाचा वाटतो. एरनांदो दे तालावेरा. मठातला साधू, राणीचा पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू आणि तिच्या विश्वासातला. राणीच्या बहुतेक मोठ्या कामात तो दिसतो. उत्पन्नांची यादी त्याने तपासली. कोलंबसचा बेत बघायला नेमलेल्या मंडळाचा तोच प्रमुख. नेब्रिहा नावाच्या पंडिताने कॅस्टिलियन भाषेचं व्याकरण लिहिलं, १४९२ मध्येच ते सालामांकात छापलं, त्याच्या प्रस्तावनेत तो सांगतो की राणीने "याचा उपयोग काय?" असं विचारलं तेव्हा आपल्या आधी तालावेराच बोलला: जिंकलेल्या लोकांना आपले कायदे आणि आपली भाषा शिकावी लागेल, तेव्हा हे पुस्तक लागेल. 'भाषा ही नेहमी साम्राज्याची सोबतीण राहिली आहे' हे प्रसिद्ध वाक्य त्याच प्रस्तावनेतलं. तालावेराच्या घराण्यात मागे कुणीतरी ज्यू होतं. ते वाक्य लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

आता त्या 'सातशे ऐंशी वर्षां'कडे येऊ. ७११ पासून १४९२ पर्यंत एकच अखंड धर्मयुद्ध चाललं होतं असं इथल्या दप्तरात सापडत नाही. ग्रानादाचं राज्य १२३८ च्या सुमारास उभं राहिलं, आणि त्याचा पहिला सुलतान १२४८ मध्ये कॅस्टिलच्या राजाच्या बाजूने सेव्हिल घ्यायला फौज घेऊन गेला होता, म्हणजे मुसलमान शहराविरुद्ध. अडीचशे वर्षं हे राज्य टिकलं त्याचं एक कारण म्हणजे ते कॅस्टिलला सोन्यात खंडणी भरायचं. या खंडणीला इथे 'पारियास' म्हणतात. मला ती वाचताना प्रत्येक वेळी चौथ आठवते. अकराव्या शतकातल्या ज्या एल सिद नावाच्या लढवय्याला इथे राष्ट्रवीर मानतात त्याने काही वर्षं सारागोसाच्या मुसलमान राजाची चाकरी केली. आणि शेवट झाला तो घरच्या भांडणाने. बापाविरुद्ध मुलगा, काकाविरुद्ध पुतण्या. हा पुतण्या म्हणजे बोआब्दिल, ग्रानादाचा शेवटचा सुलतान. १४८३ मध्ये लुसेनाजवळ तो पकडला गेला, फेर्नांदोचा मांडलिक व्हायला कबूल होऊन सुटला आणि परत जाऊन काकाशी लढत बसला. दहा वर्षं, १४८२ पासून, कॅस्टिलने एकेक शहर उचललं. १४८७ मध्ये मालागाने शेवटपर्यंत झुंज दिली, म्हणून पडल्यावर तिथल्या हजारो माणसांना गुलाम करून विकलं. शंभर जण पोपला भेट म्हणून पाठवले.

ग्रानादाने मात्र तह केला. २५ नोव्हेंबर १४९१ ला कलमं ठरली आणि २ जानेवारीला किल्ल्या दिल्या. मी पोटासाठी भाषांतर करते, त्यामुळे ही कलमं मी हौसेने मुळातून वाचली आहेत. मशिदी आणि त्यांची उत्पन्नं तशीच राहतील. मुसलमानांचे तंटे त्यांच्याच कायद्याने, त्यांचेच काजी सोडवतील. कुणालाही जबरदस्तीने ख्रिस्ती केलं जाणार नाही. ज्याला आफ्रिकेत जायचं त्याला जहाज मिळेल. खाली राजा आणि राणी, दोघांच्या सह्या. परक्यांना हाकलून ग्रानादा जिंकलं हे म्हणूनच खरं नाही. ग्रानादा मिळालं ते शब्द देऊन.

तालावेराला इथला पहिला आर्चबिशप नेमलं. उतारवयात तो थोडं अरबी शिकला, आपल्या पाद्र्यांनी शिकावं म्हणून अरबीचं व्याकरण आणि शब्दकोश तयार करवून घेतला, घाई न करता समजावत राहिला. इथले मुसलमान त्याला 'पवित्र फकीह' म्हणायचे; फकीह म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राचा जाणकार. मग १४९९ मध्ये सिस्नेरोस आला, तोलेदोचा आर्चबिशप, आणि त्याला सात-आठ वर्षांत किती जण ख्रिस्ती झाले याचा हिशोब पुरेना. सक्तीने बाप्तिस्मे सुरू झाले. आल्बाइसिन मोहल्ल्यात उठाव झाला. अरबी पुस्तकांचे ढीग बिब-राम्ब्ला चौकात पेटवले. वैद्यकाची तेवढी बाजूला काढली. उठाव केलात म्हणजे तह तुम्हीच मोडलात, असं म्हणून १५०२ पर्यंत कॅस्टिलमधल्या सगळ्या मुसलमानांना दोनच वाटा ठेवल्या: धर्म बदला नाहीतर निघा. राजाराणीचा शब्द दहा वर्षं टिकला.

बिब-राम्ब्ला माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. आज तिथे फुलांची दुकानं आहेत. गौरीच्या दिवसांत मी तिथूनच शेवंती आणते. पुस्तकांची राख कुठे पडली असेल ते दाखवणारं काही मला तिथे दिसलेलं नाही. शनिवारी मुलं तिथे चुर्रोस खात असतात. मी चौकात शिरले की क्षणभर पावलं अडखळतात, चौदा वर्षांनीही.

पण मजकुरातली सगळ्यात मोठी गफलत 'आणि म्हणूनच' या दोन शब्दांत आहे. शुद्धीकरण केलं आणि म्हणूनच साम्राज्य मिळालं, हे. कोलंबसच्या पहिल्या सफरीचा खर्च साधारण २० लाख माराव्हेदी (कॅस्टिलचं तेव्हाचं चलन). त्यातले ११ लाख ४० हजार लुइस दे सांतांखेल याने उभे केले. तो फेर्नांदोच्या खासगीकडचा अधिकारी आणि ज्यू घराण्यातून ख्रिस्ती झालेल्यांपैकी. राणीने दागिने गहाण टाकले ही गोष्ट मुलांना सांगतात तेवढीच. तीनपैकी दोन जहाजं पालोस गावाने दिली, कारण त्या गावावर दंड होता. खलाशी तिथलेच, पोर्तुगीजांच्या वाटांवर गिनीपर्यंत जाऊन आलेले. कोलंबस जेनोआचा. १४७९ च्या तहात आफ्रिकेचा किनारा पोर्तुगालकडे गेला होता आणि कॅस्टिलकडे कॅनरी बेटं तेवढी उरली होती, म्हणून पश्चिमेकडे बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आणि त्या बेटांवर पुढच्या सगळ्याची तालीम झाली: मूळ रहिवाशांना गुलाम करणं, जमिनी वाटणं, ऊस लावणं. कोलंबस ऑगस्टमध्ये पालोसहून निघाला तो याच बेटांवर थांबला आणि ६ सप्टेंबरला ला गोमेराहून खऱ्या अर्थाने समुद्रात शिरला. हिशोब, कर्ज, परक्यांचं ज्ञान, शेजाऱ्याशी स्पर्धा, समुद्रावरची मोक्याची बेटं आणि बरंचसं नशीब, यातून हे साम्राज्य उभं राहिलं. ज्या ज्यूंची त्याच वर्षी हकालपट्टी चालली होती त्यांच्याच भाऊबंदांचा पैसा त्यात होता.

'एक देश'ही नाही. कॅस्टिल आणि अ‍ॅरागॉन यांचे कायदे, सभा, नाणी वेगळीच राहिली, मधे जकातनाकी राहिली. नव्या मुलखाचा कारभार कॅस्टिलच्या गादीचा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हेच. आणि 'एक भाषा'? माझी एक मैत्रीण बार्सिलोनाची आहे. तिच्या आजीला शाळेत कातालान बोलल्याबद्दल मार बसायचा. फ्रँकोच्या राजवटीत चार दशकं तो प्रयोग झाला आणि फसला. आज कातालान, गालिसियन आणि बास्क आपापल्या प्रांतांत राजभाषा आहेत, १९७८ च्या घटनेच्या आधाराने. गेल्या वर्षी महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून वाद पेटला तेव्हा तूच मला कळवळून लिहिलं होतंस की आपली मराठी मागे पडेल. तुझं म्हणणं मला पटलं होतं. मग दुसऱ्याच्या भाषेला चिरडून 'एक भाषा' केल्याचं कौतुक तुला कसं पटलं, हे मी विचारते आहे.

आता ३१ मार्च १४९२. अल्हाम्ब्राच्याच महालात ज्यूंच्या हकालपट्टीचा हुकूम निघाला. जुलैअखेर ख्रिस्ती व्हा नाहीतर देश सोडा. सोनं, चांदी, नाणी नेता येणार नाहीत. हजारो माणसं चालत पोर्तुगालच्या हद्दीत गेली. सीमेवरच्या कॅस्टिली मुलखातलं एक जोडपं त्यांत होतं. ते पलीकडच्या कास्तेलो दे व्हिदे या गावी राहिलं. पाच वर्षांनी पोर्तुगालच्या राजाला इसाबेलच्या मुलीशी लग्न करायचं होतं आणि इकडून अट गेली की आधी तुमचा मुलूख साफ करा. १४९७ मध्ये तिथल्या ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती केलं. त्या जोडप्याला पुढे मुलगा झाला. तो सालामांकाला वैद्यक शिकला आणि १५३४ मध्ये जहाजाने गोव्याला आला. त्याचं नाव गार्सिया द ओर्ता.

मी नगरची. हे नाव मला इथे, ग्रानादात, एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात पहिल्यांदा भेटलं. पुस्तक चाळताना 'निसामालुको' हा शब्द दिसला आणि तो निजाम-उल-मुल्क असल्याचं लक्षात यायला दोन मिनिटं लागली. ओर्ता हा नगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा वैद्य. तो घाट चढून आमच्या गावी यायचा, दरबारात हकिमांशी औषधांवर वाद घालायचा. मुंबई बेट त्याच्याकडे पोर्तुगीज राजाकडून खंडाने होतं. १५६३ मध्ये त्याने गोव्यात हिंदुस्थानातल्या औषधांवर संवादांच्या रूपात ग्रंथ छापला. हिंग, आंबा, फणस, पटकीची लागण, सगळं त्यात आहे, डोळ्यांनी पाहून लिहिलेलं. दुकानदार काउंटरवरून बघत होता आणि मी उभ्या उभ्या वाचत होते. १४९२ चा तो हुकूम, तोर्देसियासला कॅस्टिल आणि पोर्तुगालने जग वाटून घेतलं ते १४९४ साल, आणि त्याच साली वसलेलं माझं गाव, हे सगळं एका पानावर आलं होतं. गावाचं नाव आता अहिल्यानगर झालं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. अहिल्याबाई चौंडीच्या, आमच्याच जिल्ह्यातल्या. पण जुन्या नावाबरोबर ओर्ताच्या येण्याजाण्याची वाटही पुसली जाऊ नये असं मला फार वाटतं.

ओर्ता १५६८ मध्ये वारला. १५६९ मध्ये त्याची बहीण कातारिना हिला गोव्यात जिवंत जाळलं, कारण ती गुप्तपणे ज्यू धर्म पाळत होती असा ठपका. १५८० मध्ये ओर्ताची हाडं थडग्यातून उकरून काढली आणि जाळली. हे करणारी संस्था गोव्याचं इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोही शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय.

आणि इथे, भाऊराया, मला तुला थांबवून विचारायचं आहे. दिवाळीच्या सुमारास तू मला एक व्हिडिओ पाठवला होतास, गोव्यातल्या इन्क्विझिशनबद्दल. देवळं पाडली, तुळस लावायला बंदी, मराठी-कोकणी ग्रंथ जाळले, अनाथ मुलं उचलून नेली. त्याखाली तू लिहिलं होतंस, "ताई, वाचून झोप लागली नाही." मलाही लागली नव्हती. ते इन्क्विझिशन १५६० मध्ये गोव्यात आलं ते पोर्तुगालमधून. पोर्तुगालमध्ये १५३६ मध्ये आलं ते कॅस्टिलच्या नमुन्यावर. आणि कॅस्टिलमध्ये ते आणलं इसाबेल आणि फेर्नांदो यांनी. १४७८ मध्ये पोपचं फर्मान मिळवून. १४८१ मध्ये सेव्हिलला पहिली माणसं जाळली. ज्या यंत्रणेने तुझी झोप उडवली तीच यंत्रणा नव्या मजकुरात 'एक धर्म केला' या तीन शब्दांत गौरवली आहे. ती वेगळी नाही. कागदपत्रांची पद्धत तीच, निनावी तक्रार तीच, माल जप्त करायची रीत तीच. गोव्यात ती वाईट आणि ग्रानादात चांगली, असं म्हणता येणार नाही. गोव्यात ज्याच्या घरची तुळस उपटली त्याच्या जागी तू उभा राहिलास. मग ग्रानादात ज्याचं पुस्तक जाळलं त्याच्या जागी का नाही?

तालावेराचं राहिलं. १५०५ च्या पुढे कोर्दोबाच्या लुसेरो नावाच्या इन्क्विझिटरने त्याच्यावरच आरोप ठेवला की हा सगळं कॅस्टिल ज्यू करायच्या कटात आहे. पंच्याहत्तरीच्या आसपासचा म्हातारा. राणी वारलेली, पाठीशी कुणी नाही. त्याची बहीण आणि भाचे मंडळी तुरुंगात टाकली. पोपने त्याला निर्दोष ठरवलं, पण १५०७ मध्ये तो गेलाच. ज्याने या राज्याचा खजिना सावरला, त्याला त्या राज्याने त्याच्या रक्तात कोण होतं ते विचारलं. शुद्धतेची मागणी अशीच चालते. आधी धर्म विचारते. तू बदललास तर मन विचारते. तेही दिलंस तर आजोबा विचारते. मुसलमानांचे बाप्तिस्मा घेतलेले नातू-पणतू 'मोरिस्को' म्हणून वेगळेच राहिले आणि १६०९ ते १६१४ मध्ये त्यांतल्या सुमारे तीन लाखांना जहाजांत भरून पाठवून दिलं. ख्रिस्ती म्हणून जन्मलेली माणसं. बागा आणि पाट सांभाळणारे हात गेले आणि व्हॅलेन्सियात गावंच्या गावं ओस पडली. तोपर्यंत दक्षिण अमेरिकेतल्या पोतोसीच्या खाणीची चांदी येऊनही स्पेनचा राजा फेलिपे दुसरा १५५७, १५७५ आणि १५९६ मध्ये देणी फेडू शकला नव्हता.

पुण्यातल्या माझ्या काही मित्रमंडळींनाही मला सांगायचं आहे, कारण ती दुसऱ्या टोकाला जातात. त्यांना वाटतं ख्रिस्ती येण्याआधी इथे तिन्ही धर्म गुण्यागोविंदाने नांदत होते. १०६६ मध्ये याच ग्रानादात ज्यूंची कत्तल झाली, आणि करणारे मुसलमान होते. बाराव्या शतकात उत्तर आफ्रिकेतून आलेल्या अल्मोहाद या मुसलमान राजवटीत ज्यू आणि ख्रिस्ती यांना कोर्दोबा सोडावं लागलं. मायमोनिडीससारख्या ज्यू विद्वानाचं घर त्यांत होतं. हे झाकून ठेवून आपण कुणाचंही भलं करत नाही. अल्हाम्ब्रा सुंदर आहे म्हणून ते राज्य न्यायी होतं असं होत नाही.

आणि कॅस्टिलही एकाच रंगाचं नव्हतं. १५११ मध्ये कॅरिबियन बेटावरच्या सांतो दोमिंगोच्या चर्चमध्ये मोंतेसिनोस नावाचा साधा संन्यासी, तिथल्या मूळ रहिवाशांना राबवणाऱ्या, समोर बसलेल्या जमीनदारांना विचारून गेला: ही माणसं नाहीत का? यांना आत्मा नाही का? १५५० मध्ये वायादोलिदला खुद्द सम्राटाने विद्वान बसवून वाद घडवला की अमेरिकेतली ही युद्धं न्याय्य आहेत का. युरोपात तेव्हा स्पेनहून बलाढ्य सत्ता नव्हती. त्या लोकांचा अभिमान मला वाटतो. इथे राहून मी स्पेनकडून काही घेतलं असेल तर ते त्यांच्याकडून.

मी इथे परदेशी आहे, हे रोज कुठे ना कुठे कळतं. नागरिकत्वाच्या कागदांची भाषांतरं करताना तर फारच. भारतीयाला अर्ज करायला दहा वर्षं इथे राहावं लागतं. माझ्या कचेरीत पेरूची एक बाई आहे, तिला दोन वर्षं पुरली. लॅटिन अमेरिका, फिलिपाईन्स, इक्वेटोरियल गिनी, पोर्तुगाल, आणि १४९२ मध्ये हाकललेल्या ज्यूंचे वंशज, यांना दोन वर्षं. त्या ज्यूंसाठी २०१५ मध्ये वेगळा कायदाही केला. चूक मान्य करून दार उघडलं हे चांगलंच झालं. पण मोरोक्कोत तेतुआनला आजही आपलं घराणं मूळचं ग्रानादाचं असं सांगणारी कुटुंबं आहेत, आणि त्यांना दहा. मागच्या महिन्यात तिथला एक मुलगा जन्मदाखला घेऊन आला होता. आडनाव इथल्यासारखंच. शिक्का मारताना माझा हात जड झाला. पाचशे वर्षांपूर्वी सह्या झालेल्या तहात त्याच्या पूर्वजांना इथेच राहायची हमी होती.

घरी आले तेव्हा खालच्या मजल्यावरच्या आजींनी दारात चिरिमोयाची पिशवी ठेवली होती. चिरिमोया म्हणजे आपल्या सीताफळाची सख्खी बहीण, आमच्या किनाऱ्यावर मोत्रिलकडे पिकते. दोन्ही अमेरिकेतली, ही इकडे आली, ती पोर्तुगीजांबरोबर तुझ्याकडे. मी फोन लावला. हे सगळं एवढं नीट बोलता आलं नाही. तालावेरा आणि ओर्ता एवढंच सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बहिणीला जाळलं?" मी हो म्हटलं. म्हणाला, "आणि तो आपल्या नगरला यायचा?"

मे महिन्यात तो पोरांना घेऊन गोव्याला जाणार आहे. पणजीला मोठ्या चर्चसमोर जी महापालिकेची बाग आहे तिला ओर्ताचं नाव दिलेलं आहे. तिथे घटकाभर बसून मला फोटो पाठव, असं मी त्याला सांगितलंय.